शाळेचा कोच कॉलेजने उचलला, आता पोराचं काय?

प्रेषक: वहिनी, फ्रिस्को

नमस्कार मंडळी,

विषय मंडळाचा नाही हे ठाऊक आहे, पण विचारायला दुसरं कोणी नाही. आमचा धाकटा अकरावीत आहे आणि शाळेच्या अमेरिकन फुटबॉल टीममध्ये किकर आहे. (आमच्या ह्यांचं अजून "फुटबॉल म्हणजे पायाने खेळतात तो" हेच चालू असतं. निदान पोरगा पायाने तरी खेळतो.) गेल्या आठवड्यात त्याच्या हेड कोचला एका कॉलेजने असिस्टंट म्हणून घेतलं. शाळेत पोरांची रडारड, बूस्टर क्लबच्या (टीमला हातभार लावणाऱ्या पालकांच्या) ग्रुपवर निम्म्यांचं अभिनंदन, निम्म्यांच्या शिव्या. काही पालक तर हिशेब मांडून बसलेत की कोच गेला म्हणजे आपल्या चार-पाच पोरांची तिथे सोय झालीच. खरंच असं होतं का? कॉलेजवाले शाळेच्या कोचला घेतात ते त्याच्या अकलेसाठी की त्याच्या हाताखालच्या पोरांसाठी? नाना, तुम्ही यातले जाणकार, तुम्हीच सांगा.

---

प्रेषक: नाना, प्लेनो

वहिनी,

दोन्हीसाठी घेतात, पण पगार बहुतेक वेळा दुसऱ्या गोष्टीचा असतो.

आपल्या इथलंच बघा. २०१६ च्या डिसेंबरात वेकोच्या बेलरने मॅट रूलला हेड कोच नेमलं. माणूस फिलाडेल्फियाच्या टेंपल विद्यापीठातून आलेला, टेक्सासच्या शाळांत त्याला काळं कुत्रं ओळखत नव्हतं. त्यात बेलरची अब्रू वेशीला टांगलेली. लैंगिक अत्याचाराच्या तक्रारी विद्यापीठाने नीट हाताळल्या नाहीत, त्या प्रकरणात आधीचा कोच आर्ट ब्राइल्स त्याच वर्षी घरी गेलेला. अशा जागी कोणती आई आपलं पोर पाठवणार? रूलने आल्याआल्या टेक्सासच्या शाळांमधले तीन कोच उचलले: सीडर हिलचा जोई मॅग्वायर, सॅन अँटोनिओच्या रेगन हायस्कूलचा डेव्हिड वेट्झेल आणि मॅग्नोलिया वेस्टचा शॉन बेल.

या तिघांचा उपयोग काय, ते वसंतात कळतं. एप्रिल-मेमध्ये कॉलेजचे कोच शाळाशाळांतून फिरतात. रूलच्या वेळी तर त्यांना पोराशी नीट बोलताही यायचं नाही, नियम आडवे यायचे. खरी बोलणी होतात ती फील्ड हाउसमध्ये, कोचच्या खोलीत. खेळाचे व्हिडिओ हडल या साइटवर सगळ्या जगाने पाहिलेले असतात, तिथे प्रश्न वेगळेच निघतात. मार्क कसे आहेत, घरात कोणाचं चालतं, मागच्या मोसमात खांदा निखळला होता तो भरून आला का, बेंचवर बसवलं तर तोंड पाडून बसतो का. याची खरी उत्तरं शाळेचा कोच कोणाला देईल? विमानातून उतरून भाड्याच्या गाडीने आलेल्या पाहुण्याला, की काल-परवापर्यंत स्वतः शुक्रवारी रात्री मैदान आवरून घरी जाणाऱ्याला? मॅग्वायरने सीडर हिलला तीनदा राज्याचं विजेतेपद मिळवून दिलं होतं (२००६, २०१३, २०१४). राज्यभरातले कोच त्याचा फोन उचलतात. बेलरने तो गोतावळा घेतला, एका शाळेतली पोरं नव्हेत. पहिल्या मोसमात बेलर १२ पैकी ११ सामने हरलं, २०१९ मध्ये ११ जिंकलं. सगळं श्रेय या तिघांना देणार नाही, पण त्यांच्याशिवाय रूलला दारं इतक्या लवकर उघडली नसती.

मात्र शाळेच्या कोचला थेट हेड कोच केलं की बहुतेक वेळा फजिती ठरलेली. साउथलेक कॅरलचा टॉड डॉज आठवतो का? २००२ ते २००६ या पाच मोसमांत ७९ विजय, एक पराभव, चार राज्य विजेतेपदं. डेंटनच्या नॉर्थ टेक्सासने त्याला उचलून हेड कोच केलं. त्याचा मुलगा रायली टेक्सास विद्यापीठाला शब्द देऊन बसला होता, तो मोडून वडिलांकडे आला. आणि निकाल? ६ विजय, ३७ पराभव, २०१० च्या मोसमातच अर्ध्यावर नारळ. तोच माणूस पुन्हा शाळेत गेला आणि ऑस्टिनच्या वेस्टलेकला लागोपाठ तीन विजेतेपदं देऊन मोकळा झाला. त्यातला एक अंतिम सामना आर्लिंग्टनला, समोर साउथलेक कॅरल, आणि त्यांचा कोच रायली! बापाने लेकाला ५२-३४ हरवलं.

म्हणजे अक्कल कुठेच गेली नव्हती. फरक असा की सरकारी शाळेत पोरं पत्त्यावरून येतात. साउथलेकला घर घ्या, पोरगा कॅरलला. सातवी-आठवीपासून त्याच चाली घोटून घेतलेल्या, वर येईपर्यंत तयार. कॉलेजात दारोदार जाऊन पोरं मागावी लागतात, आणि त्याच दारात टेक्सास, ए अँड एम, ओक्लाहोमा आधीच बसलेले असतात. नोट्र डेमनेही १९८१ मध्ये हाच जुगार खेळला होता. सिनसिनाटीच्या मोलर हायस्कूलचा गेरी फाउस्ट, शाळेत १७४ विजय नि १७ पराभव, थेट नोट्र डेमचा हेड कोच. पाच वर्षांत ३० जिंकले, २६ हरले, एक बरोबरीत, आणि राजीनामा.

तुमच्या कोचने असिस्टंट म्हणून जाण्यात शहाणपण केलंय. असिस्टंट म्हणून गेलेले टिकतात. गिल्मरचा जेफ ट्रेलर तसाच गेला आणि आज सॅन अँटोनिओच्या यूटीएसए विद्यापीठाचा हेड कोच आहे.

---

प्रेषक: बापू, बेंटनव्हिल

नाना, डॅलस सोडून इतकी वर्षं झाली तरी या लिस्टवरून नाव काढलं नाही, ते अशाच मेलांसाठी.

तुमचा शेवटचा नियम मात्र आमच्या आर्कान्सात चालत नाही. चॅड मॉरिस लेक ट्रॅव्हिस हायस्कूलमधून असिस्टंट म्हणूनच वर गेला होता, क्लेमसन विद्यापीठात नावही कमावलं. आमच्याकडे हेड कोच म्हणून आला आणि दोन मोसमांत ४ जिंकून १८ हरला.

वहिनींच्या प्रश्नाचं खरं उत्तर आमच्या शेजारच्या स्प्रिंगडेलमध्ये आहे. २००५ साली स्प्रिंगडेल हायस्कूलने राज्य जिंकलं. कोच गस मॅल्झान, क्वार्टरबॅक (चेंडू फेकणारा मुख्य खेळाडू) मिच मस्टेन, त्या वर्षी देशातला सगळ्यात नावाजलेला शाळकरी खेळाडू. मस्टेनने आर्कान्सा विद्यापीठाला दिलेला शब्द मागे घेतला होता. त्या डिसेंबरात हेड कोच ह्यूस्टन नटने मॅल्झानला ऑफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर, म्हणजे आक्रमणाच्या चाली ठरवणारा असिस्टंट, नेमलं. मस्टेन परत आला, शाळेतले आणखी तिघं सोबत आले. इतका उघड सौदा क्वचितच दिसतो.

२००६ मध्ये मस्टेनने सुरुवातीपासून खेळवलेले आठच्या आठ सामने जिंकले. तरी त्याला बसवलं. मॅल्झानला चेंडू फेकणारा वेगवान खेळ हवा, नटला डॅरन मॅकफॅडनच्या हातात चेंडू देऊन पळवायचा. मोसम संपल्यावर स्प्रिंगडेलच्या पोरांचे पालक खेळाची पद्धत या विषयावर थेट अ‍ॅथलेटिक डायरेक्टरला भेटायला गेले. (मंडळाच्या नाटकात मुलाला भूमिका छोटी मिळाली म्हणून चिटणिसांकडे जातात तसे.) वर्षभरात मॅल्झान तुल्सा विद्यापीठात, मस्टेन आणि रिसीव्हर (चेंडू झेलणारा) डॅमियन विल्यम्स कॅलिफोर्नियाच्या यूएससी विद्यापीठात. पुढे मॅल्झान ऑबर्नला कोऑर्डिनेटर असताना २०१० चं राष्ट्रीय विजेतेपद आलं, मग तो तिथेच हेड कोच झाला. विल्यम्स एनएफएल या व्यावसायिक लीगमध्ये पोचला. मस्टेन यूएससीला जेमतेम एकदा पहिल्यापासून खेळला. त्या सौद्यात सर्वांत मोठं नाव त्याचं होतं, आणि सगळ्यात कमी त्याच्याच पदरात पडलं.

वहिनी, पोर कोचच्या भरवशावर पाठवू नका. कोच करारावर असतो, वर्ष-दोन वर्षांत उठून जातो.

---

प्रेषक: चिटणीस

चर्चा रंगली आहे, चालू द्या. संक्रांतीच्या कार्यक्रमाची नावं मात्र शुक्रवारपर्यंत हवीत. अजून तीसच आली आहेत आणि गुळाच्या पोळ्यांची ऑर्डर द्यायची आहे. आणि बापू, नाटकाचा टोमणा पोचला.

---

प्रेषक: एक पुतणी, अ‍ॅन आर्बर

नानाकाका, बापूकाका, मिशिगनची बाजूही ऐका की.

मिशिगनचा तेव्हाचा हेड कोच जिम हार्बॉने २०१५ मध्ये न्यू जर्सीच्या पॅरामस कॅथलिकचा कोच क्रिस पार्ट्रिज इथे आणला. वर्षभराने त्याच शाळेतला राशान गॅरी, त्या बॅचमधला देशातला पहिल्या क्रमांकाचा खेळाडू, मिशिगनला आला. २०१६ मध्ये फ्लोरिडाच्या फ्लॅनगन हायस्कूलचा कोच डेव्हिन बुश सीनियर ऑफिसातल्या पदावर आला. त्याचा मुलगा डेव्हिन बुश ज्युनियर आला, आणि शाळेतले आणखी दोघं. सगळ्यांनी बोटं मोडली. पण २०१९ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे एनएफएलच्या टीम कॉलेजातले खेळाडू निवडतात तेव्हा, बुश दहावा आणि गॅरी बारावा गेला. इथे पोरांचं काय वाईट झालं? स्प्रिंगडेल फसलं ते नट आणि मॅल्झानचं पटलं नाही म्हणून. ओळखीच्या माणसाकडे पोर पाठवणं आपल्याकडे काय कमी चालतं? पुण्यात शिकायला येणारा आधी मामाचं घर बघतो.

एक मात्र खरं, २०१७ मध्ये एनसीएएने (कॉलेजांच्या खेळांची संस्था) नियम केला. खेळाडूच्या जवळच्या माणसाला त्याच्या प्रवेशाच्या आधी दोन वर्षं आणि नंतर दोन वर्षं ऑफिसातल्या पदावर घ्यायचं नाही. बास्केटबॉलमध्ये हे २०१० पासूनच होतं. मैदानावरच्या असिस्टंटला मात्र चालायचं. ते तेव्हा मोजकेच असायचे, त्यामुळे एका पोरासाठी त्यातली जागा घालवताना कॉलेज दहादा विचार करायचं.

---

प्रेषक: नाना, प्लेनो

पुतणीबाई, गॅरी आणि बुश कुठेही गेले असते तरी पहिल्या फेरीतच गेले असते. नियम त्यांच्यासाठी नव्हताच. शाळेतल्या उरलेल्या पोरांचा विचार कर. कोचला कॉलेजची नोकरी दिसायला लागली की त्याचं लक्ष कोणाकडे राहतं, फाइव्ह स्टारवाल्याकडे की तिसऱ्या फळीतल्या पोराकडे? बापूचा चॅड मॉरिस मान्य, माझा नियम अर्धाच धरा.

वहिनी, आता तुमच्या किकरविषयी. हिशेब मांडून बसलेले पालक दहा वर्षं मागचा हिशेब मांडताहेत. २०२१ पासून खेळाडूंना जाहिरातींतून वगैरे स्वतःच्या नावाचे पैसे मिळतात, आणि २०२५ च्या जुलैपासून कॉलेजं स्वतः पैसे वाटतात, पहिल्या वर्षाची मर्यादा २ कोटी ५ लाख डॉलर्स. ट्रान्सफर पोर्टलमधून (कॉलेज बदलू पाहणाऱ्या खेळाडूंच्या यादीतून) बावीस वर्षांचा तयार गडी मिळत असेल, तर सतरा वर्षांच्या पोराची वाट कोण बघतो? मॅग्वायरचंच घ्या. शाळेतून आलेला माणूस, २०२१ च्या अखेरीस टेक्सास टेकचा हेड कोच झाला. पण तिथेही कोडी कॅम्बेलसारख्या तेलवाल्यांच्या पैशातून पोर्टलचीच खरेदी जोरात आहे. अमुक कोच आला की तमुक स्टार येतो, तो भाव आता उतरलाय. फील्ड हाउसमधल्या खोलीचा भाव मात्र अजून आहे. पोर्टलमधल्या गड्याच्या स्वभावाची चौकशीही शेवटी त्याच्या शाळेच्याच कोचकडे होते.

त्यातून किकर. कॉलेजं वर्षाला एखादाच किकर घेतात, तोही पुष्कळदा स्कॉलरशिपशिवाय, वॉक-ऑन म्हणून. नव्या व्यवस्थेत टीम १०५ जणांची ठरली आणि वॉक-ऑनच्या जागाच आटल्या. तेव्हा जाणाऱ्या कोचला एकच गोष्ट विचारा: तिथला सध्याचा किकर कोणत्या वर्षाला आहे? पहिल्या-दुसऱ्या वर्षाला असेल तर ते कॉलेज यादीतून काढा. मग त्याला लहान कॉलेजांमधल्या दोन-तीन ओळखीच्या कोचना फोन करायला सांगा. नव्या नोकरीत रुजू होण्याआधी सांगा, नंतर त्याला श्वास घ्यायला फुरसत मिळणार नाही.

---

प्रेषक: वहिनी, फ्रिस्को

नाना, आज प्रॅक्टिसनंतर गाठलं त्यांना. तिथला किकर दुसऱ्या वर्षाला आहे, म्हणजे विषय संपला. पण माणूस सरळ निघाला. माझ्यासमोरच एका कॉलेजला फोन लावला. पोराचं नाव दोनदा चुकीचं सांगितलं, पण ४७ यार्डांची किक बरोबर सांगितली. पलीकडच्याने व्हिडिओ आणि मार्कलिस्ट मागितली आहे, रात्री पाठवते.

चिटणीस, आमची चार नावं लिहा.