बँड फुटला आणि गाण्याचा अर्थ फिरला: तुमचे अनुभव लिहा

आवडता बँड फुटल्यावर त्याच्या जुन्या गाण्यांत भांडणाच्या खुणा शोधल्यात का कधी? परदेशी, देशी, गल्लीतला, कुठलाही बँड चालेल. सुरुवात मीच करतो.

संभाजीनगरला गारखेड्याच्या खोलीवर रूममेटच्या लॅपटॉपवर बीटल्स ऐकायचो. 'टू ऑफ अस'मध्ये आठवणी पुढच्या वाटेपेक्षा लांब असल्याची एक ओळ येते. १९७० साली सगळं संपलं हे माहीत असल्यावर ती बँडमधल्या जॉन लेनन आणि पॉल मॅकार्टनीचीच वाटणार ना! पॉल सांगतो, गाणं पुढं त्याची बायको झालेल्या लिंडाबरोबर गाडीतून उगीच भटकण्यावर आहे. असेल बुवा. पण गातात हे दोघं मिळून, आणि ऐकताना मला लिंडा कुठंच दिसत नाही.

बांधावरचा, परभणी

आधी तारखा बघत जा राव. 'लेट इट बी' निरोपाचा अल्बम म्हणून लोक डोळे पुसतात. त्यातलं बहुतेक काम जानेवारी १९६९चं. 'अ‍ॅबी रोड'चं बरंचसं काम त्यानंतर झालं आणि तो सप्टेंबर १९६९मध्ये बाजारात आलाही. 'लेट इट बी' मात्र पडून राहिला, तो निघाला मे १९७०मध्ये, पॉल बाहेर पडल्याची बातमी फुटल्यावर. अल्बमच्याच नावाच्या गाण्यातली मेरी म्हणजे पॉलची आई, तो १४ वर्षांचा असताना वारलेली. भांडणच शोधायचं तर 'यू नेव्हर गिव्ह मी युवर मनी'त शोधा, ते खरंच पैशाच्या घोळावर आहे, पॉलनंच सांगितलंय. मॅनेजर कोण, हिशोब कोणाकडं, यावरून फाटलं आणि १९७०च्या शेवटच्या दिवशी पॉल कोर्टात गेला. आमच्याकडं भावकी फुटते ती अशीच, सातबाऱ्यावरून. पण सातबाऱ्यावर कोण रडणार, म्हणून लोक मेरीवर रडतात.

लातूरची

आमचं वन डायरेक्शन. ट्यूशन एरियातल्या हॉस्टेलवर रविवारी संध्याकाळीच फोन हातात मिळायचा. त्यातला झेन मार्च २०१५मध्ये बँड सोडून गेला, ऑगस्टमध्ये ब्रेकची बातमी आली, नोव्हेंबरला शेवटचा अल्बम. घरी बोलणं पटकन उरकून त्यातल्या 'हिस्टरी'चे शब्द बायोलॉजीच्या वहीत मागच्या पानावर उतरवायचे, आणि मग कुठली ओळ झेनसाठी यावर मेसच्या रांगेत ताट हातात धरून वाद. एक मैत्रीण म्हणायची, "अगं येडे, ते आपल्याला म्हणतायत, फॅन्सना." तिचंच बरोबर असावं. तरी आम्ही झेन सोडला नाही, कारण रुसलेला माणूस परत येऊ शकतो. ऑक्टोबर २०२४मध्ये बँडमधलाच लियाम वारला. आता झेन कुणाच्या डोक्यात येतो?

अंबाजोगाईहून

अ‍ॅबा या स्वीडिश बँडचं 'द विनर टेक्स इट ऑल', १९८०. शब्द ब्योर्नचे, आवाज अग्नेथाचा, दोघंही बँडमधलेच, आणि दोघांचा संसार नुकताच मोडलेला. नवऱ्यानं लिहायचं आणि सुटलेल्या बायकोनं गायचं! ब्योर्न म्हणतो, आमच्यात कुणी जिंकलं नव्हतं. माझी स्वतःची केस चालू होती तेव्हा हे गाणं खूप ऐकलं. मला त्याचं पटतं. आमच्यातही फक्त वकील जिंकले.

गोदाकाठ, नांदेड

मी उलट्या बाजूचा. आमचाच बँड होता: गॅदरिंग, गणपती आणि थोडं यूट्यूब. २०१६च्या उन्हाळ्यात, लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी येत होतं तेव्हा, मी एक गाणं लिहिलं. 'येतो म्हणालास, गडगडून गेलास.' पावसावर. दुसरं काहीच नाही.

पुढं गिटारवाला नोकरीला पुण्याला गेला आणि बँड बसला. मग बघा पोरांच्या कमेंटी. 'गडगडून' म्हणजे त्याचा शेवटचा सोलो. कोरडी विहीर म्हणजे स्टेजवरची त्याची जागा. एकानं तर तिसऱ्या कडव्यातला टँकर म्हणजे आमचा नवा गिटारवाला, असं ठरवून टाकलं: बाहेरून आणलेला, तेवढ्यापुरता! त्यानं ते वाचलं. तोही गेला.

मध्यंतरी कैक वर्षांनी जुन्याचा फोन आला. "ते गाणं माझ्यावरच लिहिलं होतं ना रे?"

मी म्हणालो, हाव. आता पावसाचं कामून सांगू? शिवाय अ‍ॅम्पचे पैसे त्याच्याकडं बाकी आहेत, तो विषय काढायचा होता.