शब्दचर्चा: शुगर डोळ्यांवर 'गेली' की डोळ्यांत 'दिसली'?

'शुगर डोळ्यांवर गेली', 'मग किडनीवर आली' असं आपण सर्रास बोलतो. माझ्या आत्याने या 'गेली'चा अर्थ असा लावला, की डोळ्यांवर गेली म्हणजे बाकी शरीर सुटलं. बाहुली मोठी करायचे थेंब घालून, डोळ्यांवर पदर धरून ती बाकावर बसली होती. डोळ्याचा पडदा बघून झाल्यावर डॉक्टरांनी लघवीतलं प्रथिन, रक्तदाब आणि पाय तपासून घ्यायला सांगितलं. आत्या म्हणाली, "दाखवायला डोळे आणले, लघवी कशाला?"

म्हणून विचारतो, 'गेली'ऐवजी 'दिसली' का म्हणू नये? शरीरातल्या बारीक रक्तवाहिन्या काहीही न कापता थेट बघता येतात त्या डोळ्याच्या पडद्यावर. तिथे दिसलेला बिघाड बहुतेक वेळा एकट्या डोळ्याचा नसतो.

— रेटिना हा शब्द लॅटिनमधल्या 'रेटे'वरून आला असं मानतात. रेटे म्हणजे जाळं. आपण 'पडदा' म्हटलं आणि जाळं हरवलं. मूत्रपिंडातल्या गाळणीचं नाव ग्लोमेरुलस, म्हणजे सुताची छोटी गुंडी. जाळं काय, गुंडी काय, दोन्हीकडे केशवाहिन्याच, म्हणजे केसासारख्या बारीक रक्तवाहिन्या. साखर वर्षानुवर्षं चढी राहिली की त्यांच्या भिंती बिघडतात. मग डोळ्यात रक्त-पाणी झिरपतं, मूत्रपिंडातून प्रथिन. टाइप १ मधुमेहावरच्या 'डीसीसीटी' या मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष 1993 साली आले. साखर काटेकोर ठेवल्यावर पडद्याचा विकार नव्याने होण्याचं प्रमाण 76 टक्क्यांनी घटलं, आणि मूत्रपिंडाचे, नसांचे त्रासही कमी झाले. तेव्हा 'दिसली' मला पटतं.

— पटलं, पण एक भर. पडदा स्वच्छ आणि लघवीत मात्र प्रथिन, असंही टाइप २ मध्ये होतं. अशा वेळी डॉक्टर मूत्रपिंडाच्या दुसऱ्या आजाराचाही विचार करतात. डोळ्यांत दिसली नाही म्हणजे कुठेच नाही, असा अर्थ कुणी काढू नये.

— मला 'नस' जास्त छळते. रक्ताची तीही नस, संवेदनेची तीही नस. आईला सांगितलं, 'पायाच्या नसा खराब झाल्यात'. ती रक्ताच्या समजली आणि पाय चोळत बसली. तळव्याला संवेदनाच उरली नव्हती. चप्पल लागून झालेला फोड तिला कळला नाही, मोज्यावर डाग दिसला तेव्हा आम्हाला कळला. मी आता रक्ताची ती 'शीर' आणि संवेदनेची ती 'नस' असंच बोलते. तुमच्याकडे काय म्हणतात?