सल्ला हवा: तंबू, मुलं, सासू-सासरे आणि चालत जाता येईल असा पब

शेवगा:
मंडळी, आम्ही इंग्लंडात लेस्टरला असतो. ऑगस्टमध्ये तीन रात्री तंबूत राहायचा घाट घातलाय. मुलं पाच आणि नऊ वर्षांची, शिवाय सांगलीहून आलेले सासू-सासरे. तंबू शेजाऱ्यांकडून उसना आणलाय, अनुभव शून्य. अट एकच: संध्याकाळी मी पातेलं चढवणार नाही. गावातल्या पबात चालत जाऊन जेवायचं, म्हणजे गाडीच्या किल्लीवरून भांडण नको. सासूबाई शाकाहारी आहेत आणि "नातवंडांना गुत्त्यात नेणार का?" असं दोनदा विचारून झालंय. कुठे जाऊ?

टेकडीकर:
डोळे मिटून एडेल. पीक डिस्ट्रिक्टच्या डोंगराळ भागात, तुमच्याकडून गाडीने साधारण दोन तास. फील्डहेड नावाची कॅम्पसाइट गावातच आहे, रेल्वे स्टेशनही हाकेच्या अंतरावर. खाली स्टेशनजवळ रॅम्बलर इन, वर ओल्ड नॅग्ज हेड. दोन्हीकडे लहान मुलांनाही रडतखडत का होईना, चालत जाता येतं. नॅग्ज हेडपासून पेनाइन वे सुरू होतो, २६८ मैलांची पायवाट, थेट स्कॉटलंडपर्यंत. तिथे पाठीवर बोचकं घेतलेला एखादा उत्साही माणूस निघताना हमखास दिसतो. आमच्या मुलीने एकाला "काका, जेवण कुठे करणार?" असं मराठीतच विचारलं होतं.

दिवसा मॅम टॉर ही टेकडी करा. ५१७ मीटर उंची, पण वरच्या गाडीतळापासून पायऱ्या बांधलेल्या आहेत. सासऱ्यांचे गुडघे धड असतील तर जमेल. पलीकडच्या उतारावर जुना मोटाररस्ता आहे, दरड सरकून सरकून शेवटी १९७९ मध्ये कायमचा बंद केलेला. डांबराचे थर अक्षरशः कापलेल्या केकसारखे उघडे पडलेत. आपल्याकडचे घाट पाहिलेल्या माणसाला तिथून हलवत नाही. माझे बाबा अर्धा तास उभे होते.

गोठा_पाहिलेला:
एडेल छानच, पण एक रात्र जास्त असेल तर लेक डिस्ट्रिक्टमधलं ग्रेट लँगडेल. नॅशनल ट्रस्टची कॅम्पसाइट, आणि जवळच ओल्ड डंजन गिल हॉटेलचा हायकर्स बार. हा बार म्हणजे पूर्वीचा गोठा. गाई बांधायच्या खणांत आता बाकं आहेत, तिथे चिखलाच्या बुटांसकट बसायचं. कॅम्पसाइटवर पॉड, म्हणजे छोट्या लाकडी खोल्याही मिळतात, सासू-सासऱ्यांना तेच घ्या. रात्री दोनदा उठणाऱ्या माणसाला तंबूची चेन उघडायला लावणं म्हणजे पाप आहे. पाऊस मात्र कोकणासारखा धरून चाला.

रात्रपाळी:
जागा कोणतीही घ्या, पण स्वयंपाकघर किती वाजता बंद होतं ते आधी फोन करून विचारा. पब अकरापर्यंत उघडा असतो म्हणजे जेवण अकरापर्यंत मिळतं असं नाही. आम्ही एका गावात (नाव घेत नाही) पावणेनऊला पोचलो, तर चूल साडेआठलाच विझलेली. चौघांनी चिप्सची सहा पाकिटं आणि खारे दाणे खाल्ले, मग तंबूबाहेर छत्री धरून मॅगी. तंबूच्या आत शेगडी पेटवू नका हं, कितीही पाऊस असो. तिच्यातून निघणाऱ्या विषारी कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

सोमवारी-मंगळवारी काही पबांत जेवणच नसतं. टेबल आधी राखून ठेवा. वेटरची वाट बघत बसू नका, टेबलाचा नंबर बघून काउंटरवर जाऊन सांगायचं. सोबत मोठं माणूस असलं की मुलांना आत जायला कायद्याची आडकाठी नसते, पण नऊनंतर मुलं नकोत असा बऱ्याच ठिकाणी घरचा नियम असतो. आणि बॅटरी न्या. गावातल्या गल्ल्यांना ना दिवे ना फुटपाथ. परतताना आम्ही मुलांना मध्ये घालून एका रांगेत चालतो, पालखीसारखे.

शेवगा:
एडेल पक्कं. आणि हवेची गादी पुरेल ना?

टेकडीकर:
नुसती नाही. थंडी खालून येते. गादीखाली जाड सतरंजी टाका, ऑगस्ट असला तरी. उसना तंबू आधी परसात उभारून बघा, खुंट्या मोजा. आमच्या उसन्या तंबूत चार कमी निघाल्या होत्या.

रात्रपाळी:
सासूबाईंसाठी: चिप्स (इथे म्हणजे बटाट्याचे गरम तळलेले काप) मासे तळलेल्याच तेलात तळतात का ते विचारा, बहुतेक ठिकाणी खरं सांगतात. रविवारच्या शाकाहारी रोस्टवरची ग्रेव्हीही मांसाची नाही ना, हे विचारून घ्या. जॅकेट पोटॅटो म्हणजे सालासकट भाजलेला बटाटा, वर चीज किंवा बीन्स. अडीअडचणीला तोच. ठेपले बरोबर असू द्या. आणि पहिल्या दिवशी त्यांना दुपारीच न्या. शेकोटीपाशी झोपलेलं कुत्रं आणि कोडं सोडवत बसलेल्या आजीबाई दिसल्या की गुत्ता हा शब्द परत निघणार नाही.

शेवगा:
त्या विचारतायत, यॉर्कशायर पुडिंग गोड असतं का?

रात्रपाळी:
नाही हो, रोस्टबरोबर मिळणारं पिठाचं फुगीर भाजलेलं प्रकरण ते. आणि त्यात अंडं असतं. गोडात स्टिकी टॉफी पुडिंग घ्या, पण अंडं त्यातही असतं.

शेवगा:
विचारलं. केकमध्ये चालतं, आम्लेटमध्ये नाही.

रात्रपाळी:
मग तो केकच आहे म्हणून सांगा.