फोनचा हॉटस्पॉट लॅपटॉपला जोडला जातो, पण नेट चालत नाही

केळीबाग (रावेर तालुका)

नमस्कार. आमच्या घरच्या केळीच्या कापणीचा हिशोब मी लॅपटॉपवर ठेवते. नवती (नव्या लागवडीची केळी) किती निघाली, पिलबाग (जुन्या झाडाच्या पिलांची केळी) किती, कोणत्या गाडीत किती क्विंटल भरले, हे सारे त्याच संध्याकाळी सावद्याच्या व्यापाऱ्याकडे पोहोचावे लागते, कारण दुसऱ्या दिवशी भाव बदललेला असतो आणि मग वजनावरून शब्दाला शब्द वाढतो. आमच्या गल्लीत केबलचे इंटरनेट नाही, म्हणून गेली चार वर्षे फोनच्या हॉटस्पॉटवरच काम चालते आणि जुन्या फोनवर ते बिनतक्रार चालले.

गेल्या महिन्यात नवा अँड्रॉइड फोन घेतला, तेव्हापासून हॉटस्पॉटचे नाव लॅपटॉपच्या यादीत कधी दिसते, तर कधी दिसतच नाही. दिसले आणि पासवर्ड टाकला की लगेच जोडले जाते, पण नावाखाली ‘नो इंटरनेट’ असे येते. त्याच वेळी फोनवर व्हिडिओ मात्र विनाअडथळा चालतो. लॅपटॉप २०१६ सालचा असून त्यात विंडोज १० आहे. दोन्ही यंत्रे बंद करून पुन्हा चालू केली, जोडणी काढून टाकून नव्याने केली, तरी फरक पडला नाही. दुरुस्तीवाल्याने वायफाय कार्ड बदलायला सांगितले आहे. तो खर्च करण्याआधी आणखी काय तपासावे, हे कृपया सांगावे.

तापीकाठ (शिरपूर)

ताई, कार्ड बदलण्याची घाई करू नका. खराब कार्ड पासवर्ड स्वीकारून इतक्या सहज जोडले जाण्याची शक्यता कमी असते. आपल्या वर्णनात मला दोन निरनिराळे दोष दिसतात आणि ते एकच समजून उपाय केल्यामुळेच हाती काही लागत नसावे.

आधी फोन चार्जरच्या केबलने लॅपटॉपला जोडा आणि फोनच्या हॉटस्पॉटच्या पानावर ‘यूएसबी टेदरिंग’, म्हणजे केबलमधून नेट देण्याची सोय, चालू करा. काही स्वस्त केबली फक्त चार्जिंगपुरत्या असतात, म्हणून फोनबरोबर आलेलीच वापरा. केबलवर नेट चालले, तर फोन, सिमकार्ड आणि रिचार्ज यांच्यावरचा संशय मिटतो आणि शोध लॅपटॉपच्या वायफायपुरता उरतो.

नाव न दिसण्याचे कारण बहुधा बँड, म्हणजे वायफायची लहरपट्टी, हे आहे. नवे फोन हॉटस्पॉट अनेकदा ५ गिगाहर्ट्झवर सुरू करतात आणि त्या काळातल्या बऱ्याच साध्या लॅपटॉपना फक्त २.४ गिगाहर्ट्झ कळते. हॉटस्पॉटच्या सेटिंगमध्ये २.४ निवडा. तिथेच सुरक्षेचा प्रकार ‘डब्ल्यूपीए ३’ असेल, तर तो ‘डब्ल्यूपीए २’ करा, कारण जुन्या कार्डांना तिसरा प्रकार झेपत नाही.

त्यानंतर हॉटस्पॉटला जोडलेले असतानाच कमांड प्रॉम्प्ट (विंडोजमध्ये आज्ञा लिहिण्याची खिडकी) उघडून ‘आयपीकॉन्फिग’ (ipconfig) ही आज्ञा द्या आणि वायफायच्या खाली ‘आयपीव्ही ४’समोर कोणता आकडा, म्हणजे लॅपटॉपचा नेटवर्कवरचा पत्ता, दिसतो, तो इथे लिहा. १६९.२५४ने सुरू होणारा आकडा असेल, तर फोनकडून पत्ता मिळालेलाच नाही. दुसरा काही असेल, तर पुढे बोलू.

भुसावळ जंक्शन

इतके खोलात जाण्यापेक्षा विंडोजच्या सेटिंगमधून ‘नेटवर्क रीसेट’ करावे. माझा असाच प्रश्न पाच मिनिटांत सुटला होता.

तापीकाठ

भाऊ, उपाय खरा आहे, पण त्याने साठवलेले सर्व वायफाय पासवर्ड जातात आणि मूळ दोष कोणता होता, हे कधीच कळत नाही. ताईंचे काम रोजचे आहे, तेव्हा कारण कळलेले बरे. रीसेट शेवटी आहेच.

केळीबाग

केबलवर नेट उत्तम चालले. २.४ निवडल्याबरोबर नावही दिसू लागले, पण ‘नो इंटरनेट’ तसेच आहे. आकडा १९२.१६८.४३.५० असा आहे आणि ‘डीफॉल्ट गेटवे’समोर १९२.१६८.४३.१ आहे.

तापीकाठ

आपला दोष सापडला असे वाटते. जुने अँड्रॉइड फोन हॉटस्पॉटवर स्वतःला नेहमी १९२.१६८.४३.१ हाच पत्ता घेत असत. अँड्रॉइड ११पासून ही पद्धत बदलली आणि आता पत्त्यांची मालिका फोन स्वतः निवडतो. तुमच्या लॅपटॉपमध्ये कधीतरी कोणीतरी शेवटी ५० असलेला हा पत्ता आणि जुन्या फोनचा गेटवे (नेटकडे जाण्याचे दार) हाताने पक्के करून ठेवले असावेत. त्यामुळे तो नव्या फोनला जोडला जातो खरा, पण निरोप जुन्या फोनच्या पत्त्यावर पाठवत राहतो, आणि त्या पत्त्यावर आता कोणीच नाही.

‘रन’मध्ये ‘एनसीपीए.सीपीएल’ (ncpa.cpl) लिहा, वायफायवर उजवी क्लिक करून ‘प्रॉपर्टीज’ उघडा, ‘इंटरनेट प्रोटोकॉल व्हर्जन ४’ या ओळीवर दोनदा क्लिक करा आणि वरचे व खालचे, दोन्ही पर्याय ‘ऑटोमॅटिकली’ वर आणा. खालचा पर्याय डीएनएसचा (संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा पत्ता शोधणाऱ्या सेवेचा) असतो आणि तो लोक हमखास विसरतात. तो तसाच राहिला, तर जोडणी होऊनही संकेतस्थळे उघडत नाहीत.

धाब्याचे घर (यावल)

एक पुरवणी जोडतो. आपल्याकडच्या धाब्याच्या घरांच्या मातीच्या भिंती दोन-दोन फूट जाड असतात आणि त्यांतून २.४चा सिग्नलही दमून जातो, म्हणून रेंजसाठी फोन ओट्यावर आणि लॅपटॉप माजघरात, असे ठेवू नका. दुसरे म्हणजे एप्रिल-मेमध्ये भुसावळकडे पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. पत्र्याच्या पडवीत चार्जिंगला लावलेला फोन तापला, की तो हॉटस्पॉट आपोआप बंद करू शकतो. कोणी जोडलेले नसेल तर काही मिनिटांनी हॉटस्पॉट बंद करण्याची सोयही फोनमध्ये असते, तीही पाहून घ्या.

केळीबाग

पत्ता ‘ऑटोमॅटिकली’ केल्यावर आकडा बदलला आणि त्याच क्षणी नेट सुरू झाले. दोन वर्षांपूर्वी प्रिंटर जोडताना भाच्याने तो ५० आकडा टाकल्याचे आज त्याला विचारल्यावर कळले. फोन आता माजघराच्या दारातल्या स्टुलावर ठेवते. कालच्या तिन्ही गाड्यांचा हिशोब दिवेलागणीच्या आत सावद्याला गेला. दुपारी पडवीत मात्र जोडणी अजून तुटते. तिथे उन्हाळाभर केबलच वापरणार आहे. आपल्या सर्वांची मनापासून आभारी आहे.