तो गाईड की ते गाईड?

दिवाळीपासून माझं वाचन पार विस्कटलंय, जाड पुस्तक हातात धरवतच नाही, म्हणून एक ग्राफिक नॉव्हेल ('माऊस', चौकटीचौकटीतल्या चित्रांतनं मोठ्यांसाठी सांगितलेली गोष्ट), पोरीच्या निमित्तानं चारपाच चित्रांची पुस्तकं आणि हंपीचं ट्रॅव्हल गाईड असं काहीबाही लायब्ररीतनं आणलं. साताऱ्यातलीच लायब्ररी, नाव नको. तिथल्या काकूंनी रजिस्टरात 'माऊस'पुढं 'बाल' लिहिलं, कारण कव्हरवर उंदीर! आत नाझींच्या छळछावण्या आहेत हो. आणि हंपीपुढं 'शैक्षणिक'. म्हटलं काकू, हे दहावीचं गाईड नव्हे, तर म्हणाल्या मग गाईड कशाला म्हणतेस. तर या तिन्हींना तुमच्याकडं काय म्हणतात?

वाईकर: 'वाटाड्या' म्हणा की सरळ. बामणोलीतनं लाँचनं पलीकडं उतरलं की वासोट्याच्या रानात पुढं चालतो तो वाटाड्या, तेच काम पुस्तक करतं.

मिरजेची मावशी: वाटाड्या माणूस झाला रे दादा. पुस्तकाला 'मार्गदर्शिका', पुस्तिका निर्देशिका तशी. पण घरात कोण म्हणणार, अगं ती हंपीची मार्गदर्शिका आण? सरकारी पत्रक वाटतं. आणि आपलं लिंगावर भागतंय की, हंपीत भेटला तो गाईड, पिशवीत आहे ते गाईड. घोळ काकूंचा झाला तो प्रवासाचं गाईड आणि परीक्षेचं गाईड यात, ती दोन्ही 'ते'च.

वाईकर: बरं मग ग्राफिक नॉव्हेल ते की ती? मी 'ती' म्हणतो, डोक्यात कादंबरी असते म्हणून. 'चित्रकादंबरी' चालेल का?

मी: ऐकायला छान आहे पण माऊस कादंबरी कुठाय, लेखक-चित्रकार आर्ट स्पीगलमननं स्वतःच्या वडिलांची खरी हकीकत काढलीय, १९९२ ला पुलित्झर मिळालं त्याला.

मिरजेची मावशी: नॉव्हेल तरी कुठाय मग ते! आणि कादंबरी म्हणजे मुळात बाणभट्टाच्या नायिकेचं नाव, एका बाईचं नाव आपण अख्ख्या साहित्यप्रकाराला देऊन टाकलं, तेव्हा चित्रकादंबरीला एवढं कशाला अडायचं. 'चित्रकथा' मात्र नको, अमर चित्र कथेपासून तो शब्द पोरांचाच होऊन बसलाय, काकू परत 'बाल' लिहितील.

वाईकर: आणि पोरांच्या पुस्तकांना 'सचित्र' बास की.

मी: नाही पटत. सचित्र म्हणजे मजकूर मुख्य, चित्रं सोबतीला, चित्र झाकलं तरी गोष्ट कळते. यातल्या एका पुस्तकात शेवटच्या पानावर मांजर टोपलीत लपलंय, मजकुरात त्याचा उल्लेखच नाही, मी तीनदा वाचून दाखवलं तरी मला दिसलं नव्हतं, चार वर्षांच्या पोरीनं बोट ठेवलं. तिला अक्षर येत नाही पण म्हणते 'आई, मी हे वाचलं', 'बघितलं' म्हणत नाही. मी 'चित्रपुस्तक'च म्हणणार.

ता.क. काल पुस्तकं परत केली. काकूंनी हंपीपुढचं 'शैक्षणिक' खोडून 'प्रवास' केलं. माऊस अजून 'बाल'मध्येच आहे.