कर्नाटकातल्या दांडेली-गणेशगुडीला वडिलांना धनेश पक्षी दाखवायचाय, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. फेब्रुवारीच्या शेवटी पुण्याहून रेल्वेने अळणावर, तिथून दांडेली असं जायचं ठरवतोय. बरोबर बाबा आहेत, वय ७१, गेल्या वर्षी उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. सपाट वाटेवर तासभर आरामात चालतात, पण उतार आला की माझा खांदा धरतात.

लहानपणी कोकणात त्यांनी मला महाधनेश दाखवला होता. आधी पंखांचा आवाज आला, लांबून गाडी यावी तसा घुमत, आणि मग काजऱ्याच्या शेंड्यावरून ती पिवळी चोच गेली. आता तो त्यांना पुन्हा दाखवायचाय.

काळी नदीकाठी धनेशाची दुसरी जात, मलबारी कवड्या धनेश, बरेच दिसतात हे माहीत आहे. पण त्या दिवसांत मादी ढोलीत स्वतःला कोंडून घेते आणि नर फटीतून तिला फळं भरवतो. मग घरट्यांपासून लांब राहूनही धनेश दिसतील अशी जागा कोणती? उंबर-वड फळलेले असतील तिथे निवांत बसून राहायला आम्हाला चालेल. फोटोसाठी घरट्याजवळ नेणारा गाइड मात्र अजिबात नको.

गणेशगुडीला नदीलगतची कमी चढ-उताराची वाट कुठली? सुपा धरणातून पाणी सोडलं की काळी वाढते, त्यामुळे खडकांवर उतरायचं नाहीये. जंगलात पायी फिरायला वनखात्याची परवानगी आदल्या दिवशी तिथेच मिळते, की आधी काढावी लागते?

नुकतंच कुणी जाऊन आलं असेल तर कृपया सविस्तर लिहा.