मदत हवी आहे: एमएसमुळे ताईचा उजवा हात अडतोय, पुण्यात हातासाठी फिजिओ कुठे मिळेल?

नमस्कार मंडळी. ताईला 6 वर्षांपासून मल्टिपल स्क्लेरोसिस (एमएस, मेंदू आणि मज्जारज्जूचा आजार) आहे. आम्ही कोथरूडला राहतो. चालणं ठीक आहे, पण वर्षभरात उजवा हात बिघडलाय. कपाकडे हात नेला की जवळ पोचता पोचता कंप वाढतो. ब्लाउजचे हुक, कणीक मळणं, चेकवरची सही, सगळं अडतं. बोटांवर हातमोजा चढवल्यासारखं वाटतं, त्यामुळे पातेलं गरम असल्याचं चटकन कळत नाही. दोनदा भाजलंय.

एका ठिकाणी 2 महिने जाऊन पाहिलं. तिथे सगळा भर पायांवर आणि तोलावर. हातासाठी काय, तर स्पंजचा बॉल दाबा! अहो, ताकद आहे तिच्यात, नेमकेपणा गेलाय. 9 खुंट्या भोकांत घालून परत काढायची चाचणी असते ना, त्यात डाव्या हाताच्या जवळपास दुप्पट वेळ लागला.

त्यात हा उन्हाळा. एमएसमध्ये अंग तापलं की लक्षणं तात्पुरती वाढतात. दुपारी रिक्षाने कर्वे रोडवरून पोचेपर्यंतच ती गळून जाते, मग व्यायाम कसला? म्हणून सकाळची वेळ किंवा घरी येणारं कुणी हवंय.

न्यूरो फिजिओ (मेंदू-नसांच्या आजारांसाठीचा) बघू की ऑक्युपेशनल थेरपिस्ट (रोजची कामं जमवायला शिकवणारा), की दोन्ही? कंपासाठी मनगटाला वजनाचा पट्टा बांधून कुणाला फरक पडला का? आणि जाड दांड्याचे चमचे इथे कुठे मिळतात? सध्या फोम गुंडाळून भागवतोय.

काढे आणि पथ्यं कृपया नकोत, ती सांगायला आत्या आहे.